सोफा रडतो म्हणे!

...नाही, तुम्हीच सांगा, सोफा रडतो का हो? मोडताना पाहिला असेल, झिजताना पाहिला असेल, जिन्याच्या वळणावर अडकून चार धडधाकट माणसांच्या तोंडून शिव्या वदवताना तर नक्कीच पाहिला असेल, पण रडताना? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं सोफे उघडतोय मी. तीस वर्षं! रेक्झिनचे उघडले, मखमलीचे उघडले, नवऱ्याने बायकोला न विचारता आणलेले उघडले, आणि आत काय काय सापडलं म्हणून विचारा. कंगवे सापडले, केसांसकट. अर्धवट चोखलेल्या गोळ्या सापडल्या, मुंग्यांसकट. वाळलेली पाल सापडली, ती बिचारी बहुतेक पाहुणी म्हणून आली असावी. एका निवृत्त हेडमास्तरांच्या सोफ्यात तर दातांची कवळी सापडली, आणि ती त्यांची नव्हती! त्यांच्या बायकोचीही नव्हती! आता यापुढे मी काय विचारणार? पण अश्रू? अश्रूचा थेंब सापडला नाही कधी. ओलं सापडलं, नाही असं नाही, पण ते तान्ह्या मुलांचं. आणि हा कालचा पोरगा उठतो आणि गातो, सोफा रडतो म्हणे!

पहिल्यांदा ऐकलं ते केस कापायला गेलो होतो तेव्हा. मान खाली, मानेवर साबण, आणि वरच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून कुणीतरी कण्हायला लागलं. मला वाटलं, आतल्या खोलीत कुणाचं पोट धरलंय. मी न्हाव्याला म्हटलं, "अरे, बघ जरा, माणूस जाईल." तर तो म्हणतो, "काका, गाणं आहे ते! सध्याचं एक नंबर गाणं! थांबा, थांबा, आता सोफा रडणार..." आणि हातातला वस्तरा तसाच हवेत धरून त्याने डोळे मिटले हो! वस्तरा माझ्या कानाशी आणि हा डोळे मिटून! आणि वरून तो आवाज... आवाज कसला, दाढदुखी चालीत बसवलेली...

"तूऽऽ उठलीस... नाऽऽ बोललीस... मीऽऽ बसलेला तसाच... आणि तो सोफा... रडतोऽऽ आजही... ओऽऽ ओऽऽ... आजही..."

शी! अंगावर शहारे आले माझ्या. पण खरी मजा पुढेच. दुसरं कडवं सुरू झालं. "तपकिरी सोफा, उजव्या हातावर चहाचा डाग... दाराआड हातोडी, हातोडीआड तुझा बाप..."

माझी मान अशी ताठ झाली की वस्तरा लागलाच शेवटी. ही बघा खूण, अजून आहे. कारण तुम्हाला सांगतो, तो चहाचा डाग मी ओळखतो. तो मीच पाडलाय. सोफा माझा, डाग माझा, हातोडी माझी, आणि तो दाराआडचा बाप... तोही मीच! माझ्याच हॉलचं सामानसुमान साऱ्या दुनियेला वाजवून दाखवत होता मेला!

आता हा मेला कोण, ते सांगायला हवं. हा आमचा होता होता राहिलेला जावई. याचं खरं नाव मी घेत नाही, पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलंय ते पुरे. आम्ही घरात त्याला 'कोमट' म्हणायचो. का? तर पहिल्यांदा घरी आला तेव्हा आमच्या हिने विचारलं, "चहा घेणार की कॉफी?" तर मान तिरकी करून म्हणतो, "काकू, नुसतं कोमट पाणी. गळ्यासाठी." झालं. त्या दिवसापासून कोमट. आणि नाव असं बसलं त्याला! हात मिळवला तर हात कोमट. बोलणं कोमट. हसला तर असं वाटायचं की हसू अजून तापायचंय. मी विचारलं, "काम काय करतोस?" म्हणाला, "काका, मी गाणी लिहितो, आणि मग ती गातो." म्हटलं, "बरं, आणि दिवसा?" तर म्हणतो, "दिवसाच."



आणि एक घाणेरडी सवय. घरात कुणी काही बोललं की फोन काढायचा आणि टिपून घ्यायचा. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अगंबाई, दूध उतू गेलं!" तर हा तिकडे धावला का गॅस बंद करायला? छे! फोन काढला. "काकू, 'दूध उतू गेलं'... किती सुंदर आहे हो हे!" दूध जळतंय, धूर होतोय, आणि हा लिहितोय! त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, की हा माणूस आपल्या घरी चोरी करायला येतोय. चांदीची भांडी उचलणारा परवडला, त्याला निदान पोलीस तरी पकडतात.

दोन वर्षं. दोन वर्षं हा संध्याकाळी सहाला यायचा, गिटार चपलांजवळ उभी करायचा आणि आमच्या सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसायचा. लेक उजव्या टोकाला. मधे एक उशी, तिसऱ्या माणसासारखी. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून थकून यायची, आणि हा तिला बसवून स्वतःचं मन उघडून दाखवायचा. तास तास! आठ वाजले, साडेआठ वाजले, हा आपला बसलेला. मला हॉलमध्ये बातम्या बघायच्या असतात, मी दारात येऊन उभा राहायचो, हातात हातोडी असायची. आता माझ्या हातात हातोडी असणार नाही तर काय फुलं असणार? धंदा आहे माझा! पण गाण्यात बघा, दाराआड हातोडी म्हणे, हातोडीआड बाप म्हणे, जसं काही मी त्याच्या टाळक्याचं माप घेत होतो... घेत नव्हतो असं नाही, पण ते मनातल्या मनात.

शेवटी एक दिवस मी युक्ती केली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या हिलाही नाही. म्हणजे तेव्हा नव्हतं सांगितलं. सोफा उलटा केला, खालचं कापड सोडलं, आणि डाव्या टोकाच्या एका स्प्रिंगची सुतळी होती ना, तिच्या दोन गाठी सैल केल्या. दोनच. तुम्हाला सांगतो, स्प्रिंगची गाठ ही फार नाजूक चीज. तीन सोडल्या तर बसताक्षणी टोचते, एक सोडली तर वर्षभर कळत नाही. दोन सोडल्या की पहिला अर्धा तास काही नाही, आणि मग हळूहळू, हळूहळू वर येते. जावयाचा जावई, घड्याळाचं घड्याळ! साडेसहाला टोचणार, पावणेसातला उठणार, सातला मी बातम्या बघणार.

पण हा उठलाच नाही हो! त्याला टोचतच नव्हतं! स्प्रिंग वर आलेली, मला दारातून दिसतेय कापडाचा फुगवटा, आणि हा आपला बसून मन दाखवतोय. मी मनात म्हटलं, याच्या शरीरात कुठेतरी काहीतरी पोचतं की नाही? फक्त सोफा तेवढा कुरकुरायला लागला. कर्रर्र... कर्रर्र... आता तुम्ही म्हणाल, सोफेवाल्याच्या घरचा सोफा कुरकुरतो कसा? अहो, शिंप्याच्या अंगातला सदरा पाहिलाय कधी? एक बटण जागेवर असेल तर शपथ!

आणि एका संध्याकाळी संपलं. मी दुकानातून आलो तर कोमट नाही, गिटार नाही, लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी. म्हणाली, "बाबा, झालं आमचं." म्हटलं, "म्हणजे जमलं?" म्हणाली, "नाही. संपलं." मी तोंड पाडलं. पाडावं लागतं. आतून काय वाटत होतं ते सांगत नाही, पण त्या दिवशी बातम्या मी मोठ्याने लावल्या, एवढं सांगतो.

आठ महिने शांततेत गेले. आणि मग हे गाणं!

तुम्हाला वाटेल, एक गाणं ते काय, येतं आणि जातं. अहो, जात नाही! लिफ्टमध्ये तेच. दातांच्या डॉक्टरकडे तेच, आणि तिथे तर तोंड उघडं असतं, कान बंद करायला हात वर घ्यावे तर तो म्हणतो, "हलू नका." गिऱ्हाईक सोफा घेऊन येतं, टेम्पोतून उतरवता उतरवता गुणगुणतं. "काका, तुम्ही रोज किती सोफ्यांचे अश्रू पुसत असाल, नाही?" पुसतो ना! तीस वर्षं पुसतोय! फडक्याला काय लागतं ते दाखवू का तुला? शेंबूड लागतो!

वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. यांचा आवाज असा, साखरेत बुडवलेली सुई. "भावजीऽ, गाणं ऐकलं होऽ. आमचे हे तर जेवलेच नाहीत त्या रात्री. तो डाग ऐकून मी ओळखलं, म्हटलं, हा तर आपल्या खालचा सोफा! मुलीला सांगा होऽ, इतकं निष्ठुर असू नये माणसाने. एक शब्द तरी बोलायचा..."

मी काय सांगू? माझी लेक निष्ठुर! रस्त्यावरच्या मांजरीला चष्मा लागला तर फुकट तपासून देईल अशी पोर ती! पण वहिनींनी गावभर केलं, आणि आता चष्म्याच्या दुकानात येणारा जाणारा तिच्याकडे बघायचा. भिंतीवरची अक्षरं वाचायला बसवलेली बाई अक्षरं सोडून हिचं तोंड वाचायची. "तूच का गं ती, उठून गेलेली?" एक म्हातारबुवा तर म्हणाले, "पोरी, मला दूरचं स्पष्ट दिसत नाही, पण त्या मुलाचं दुःख दिसतं." चष्मा दिला तिने त्यांना, जाड भिंगाचा, आणि संध्याकाळी घरी येऊन माळ्यावरची बॅग खाली काढली.

म्हणाली, "बाबा, आमच्या दुकानाची दुसरी शाखा आहे. दोन दिवसांचा प्रवास आहे, पण तिकडे जागा रिकामी आहे. एक तारखेला जाते."

आमची ही आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. भांडं घासत होती, तेच भांडं, पंधरा मिनिटं. आणि मी बघतोय त्या बॅगेकडे. एकुलती एक लेक. घर सोडणार, आणि कशापायी? तर सोफा रडतो म्हणे!

त्या क्षणी मी ठरवलं. एक तारखेच्या आत या गाण्याचा गळा दाबायचा.

आणि तुम्हाला सांगतो, देव आहे. कारण दुसऱ्याच दिवशी नाट्यगृहाचे मॅनेजर माझ्या दुकानात. या गृहस्थांची एक खोड, प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. "नमस्कार नमस्कार! खुर्च्या खुर्च्या! पुढच्या चार रांगा पार गेल्यात, गेल्यात. शनिवारी कार्यक्रम आहे, कार्यक्रम. तो सोफावाला मुलगा येतोय, मुलगा!"

मी म्हटलं, "कोण? कोण?" माझंही तसंच व्हायला लागलं.

चार रांगा. चाळीस खुर्च्या. आणि त्या माझ्या हातात! मी बायकोला म्हटलं, "शनिवारपर्यंत मी नाट्यगृहात." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतात. "अहो, काही उद्योग करू नका हं." म्हटलं, "खुर्च्या दुरुस्त करतोय." आणि दुरुस्त केल्याच हो मी! फोम नवा, कापड नवं, खिळा न खिळा नवा. कामात खोट ठेवणं माझ्या रक्तात नाही. फक्त बसायची फळी जिथे फिरते ना, तिथे रबराचा वॉशर असतो, तो काढून घेतला, आणि त्या जागी चिमूटभर राळ. राळ लावली की लोखंड लोखंडाला असं चिकटतं आणि सुटताना असं बोंबलतं... बसणाऱ्याला इजा नाही काही. फक्त कानाला.

माझा हिशेब साधा होता. तुम्हाला चेहरे बघून माणूस ओळखता येत असेल, मी बुडं बघून ओळखतो. तीस वर्षांचा अभ्यास आहे. कंटाळलेलं बूड दर दीड मिनिटाला हलतं. भाषण असेल तर दर मिनिटाला. हे असलं रडगाणं असेल तर माणूस सतत चुळबुळणार, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि दर हालचालीला कर्रर्र! चाळीस खुर्च्या! गाण्याचा एक शब्द ऐकू येणार नाही. लोक हसतील, हा चिडेल, मधेच उठून जाईल, दुसऱ्या दिवशी सगळीकडे हसं होईल, गाणं मरेल, बॅग पुन्हा माळ्यावर जाईल. नामी बेत की नाही?

शनिवारी मी कपडे करून निघालो तर लेक दारात. तयार होऊन. म्हणाली, "मीही येते. एकदा समोरासमोर ऐकते सगळं, मग जाते." म्हटलं, चला, तिलाही बघू दे त्याची फजिती. ती निघाली म्हणून तिची आईही निघाली, आणि आम्ही तिघं शेवटच्या रांगेत बसलो.

आणि काय ती गर्दी! पुढच्या चार रांगांत सगळ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, हातात रुमाल घडी घालून, जशी काही परीक्षाच आहे रडण्याची. दिवे गेले. कोमट आला. तीच मान तिरकी, स्वेटर असा, जसा कुणीतरी आधी घालून झोपून उठलंय. गिटार घेतली. पाण्याचा घोट घेतला... मी आमच्या हिच्या कानात म्हटलं, "कोमट असणार." तिने चिमटा काढला.

गाणं सुरू झालं. मी कान टवकारले. आता वाजेल... आता वाजेल...

एकही खुर्ची वाजली नाही!

मी चकित! चाळीस बुडं आणि एक हलत नाही! श्वास रोखून बसलेल्या सगळ्या, दगडासारख्या! अहो, माझा सगळा अभ्यास कंटाळलेल्या बुडांचा होता. तल्लीन बूड मी आयुष्यात पाहिलेलंच नव्हतं! माझ्या दुकानात कोण येतं तल्लीन होऊन?

आणि मग आलं ते धृपद. "आणि तो सोफा..." असं म्हणून तो थांबला. आणि चाळीसच्या चाळीस पोरी एका दमात, एका वेळी पुढे वाकल्या.

कर्ररर्रर्रऽऽऽ!

तुम्हाला सांगतो, चाळीस खुर्च्यांनी मिळून असा हुंदका दिला, असा हुंदका दिला, की छतावरची धूळ खाली आली! सोफा रडला हो! खरोखर रडला! आणि मग तो गातो, "रडतोऽऽ आजही..." आणि पोरी मागे रेलल्या, पुन्हा कर्ररर्र! सुरात! तालात! मी राळ चिमूटभर लावली होती, ती नेमकी त्याच्याच पट्टीत लागली! सगळं सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या, शिट्ट्या, हमसून हमसून रडणं... आणि मॅनेजर कडेला उभे, डोळे पुसत, "काय व्यवस्था केलीये, व्यवस्था!"

ज्याचा गळा दाबायला गेलो, त्याला मी आवाज दिला!

कोमटने हात वर केला. लोक गप्प झाले. तो कापऱ्या आवाजात म्हणतो, "त्या संध्याकाळी... मी तिच्यासाठी एक नवं गाणं घेऊन गेलो होतो. गिटारचा दांडा सोफ्याच्या हाताला अडत होता. म्हणून... आम्ही जागा बदलल्या. ती माझ्या जागेवर बसली, डावीकडे. मी गायला लागलो. आणि अर्ध्या तासाने... ती एकदम उठली. आणि निघून गेली. का? मला आजही कळलेलं नाही..."

पोरी हुंदके देतायत. आणि मी? मी आपला बोटं मोजतोय. डावीकडे! अर्धा तास! दोन गाठी!

म्हणजे ती उठली नव्हती हो. तिला मी उठवलं होतं!

हळूच मान वळवली तर लेक माझ्याचकडे बघतेय. त्या अंधारात. तिचे डोळे म्हणजे तपासणीचंच यंत्र. म्हणाली, "बाबा, हा कुरकुरायचा आवाज तुमच्या हातचा आहे."

म्हटलं, "कुठला आवाज?"

"बाबा."

आता बापाने किती खोटं बोलावं? मी सगळं सांगितलं. राळ सांगितली, वॉशर सांगितले, आणि मग तोंडातून गाठीही सुटल्या, दोन्ही. आमची ही पलीकडून पुटपुटली, "तरी मी म्हणत होते..." काय म्हणत होती देव जाणे. आणि मी लेकीला म्हटलं, "पोरी, माझ्यामुळे तुझं मोडलं. तू म्हणशील तर आत्ता जातो त्याच्यासमोर आणि सांगतो, की बाबा रे, ती उठली ते स्प्रिंग टोचली म्हणून. जोडून देतो तुमचं पुन्हा." जन्मात एवढं कडू वाक्य मी गिळलं नव्हतं, ते बोललो.

ती म्हणाली, "टोचली खरी. आई गं, काय टोचली! स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, ओट्याला टेकून उभी राहिले. आणि बाबा, तिथे मला इतकं बरं वाटलं! बाहेर तो गात होता, आणि मला वाटलं, परत जाऊन बसायचंच नाही आता. उठले ती तुमच्या स्प्रिंगमुळे. परत बसले नाही ती माझ्या मनाने."

"मग त्याला सांगायचं नाही का?"

"सांगितलं ना! दुसऱ्या दिवशी फोनवर पाऊण तास सांगितलं! समजावून, एकेक गोष्ट! त्यातला एक शब्द गाण्यात नाही. 'ना बोललीस' म्हणे!"

बघा! बघा नीचपणा! पाऊण तास बोललेल्या मुलीला मुकी करून टाकली, कारण पाऊण तास चालीत बसत नाही!

आणि तेवढ्यात लोकांनी 'पुन्हा एकदा'चा गजर केला. तो पुन्हा "आणि तो सोफा..." असं म्हणून थांबला, चाळीस पोरी पुढे वाकल्या, कर्ररर्र! आणि माझी लेक... फुटली हो. हसू फुटलं तिला. तोंडावर ओढणी दाबली, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी, पुढच्या रांगेतल्या बाईने वळून तिच्या गुडघ्यावर थोपटलं, "रडून घे बाळ, रडून घे." त्यावर आणखीच! तिचं बघून ही हसायला लागली. आम्ही तिघं वाकून, एकमेकांना धरून, अर्ध्यातून बाहेर आलो. सारं नाट्यगृह समजलं की हे कुटुंब दुःखाने पार कोलमडलंय.

बॅग माळ्यावर गेली. बदलीचा अर्ज तिने मागे घेतला. आता दुकानात ते गाणं लागलं की तिला खुर्च्या आठवतात आणि ती हसते, आणि गिऱ्हाईकं म्हणतात, "बघा, अजून हसते. किती निष्ठुर!" म्हणू देत. तिला नाही लागत आता.

इथे संपलं असतं तर मी तुमच्यासमोर बडबडत कशाला बसलो असतो?

त्या शनिवारचं गाणं कुणीतरी टिपून घेतलं होतं. खुर्च्यांसकट. आणि आता तेच वाजतं सगळीकडे, आधीचं नाही! लोक म्हणतात, त्यात सोफा प्रत्यक्ष रडलाय. न्हाव्याकडे तेच, दातांच्या डॉक्टरकडे तेच, आणि मॅनेजरांच्या तोंडातून बाहेर पडलं की त्या खुर्च्यांचा कारागीर कोण. झालं. दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं माझ्या दारात. बायको लाजत पुढे आली. "काका... आम्हाला तसला सोफा हवा. रडणारा."

मी म्हटलं, "बाहेर व्हा!" पण माझ्या आधी लेकीने वही काढली होती. सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात बसते आता, फोन घेते. आणि फोनवर काय बोलते ऐका. "हो, मिळेल ना. साधा रडका हवा की हुंदक्याचा? ...तीन सीटचा? मग रडायला कोणत्या बाजूला हवा?" आणि माझ्याकडे बघून डोळा मारते, कार्टी!

तीस वर्षं हो. तीस वर्षं मी सोफ्यांची तोंडं बंद केली. एकेक गाठ अशी मारली, की राजा बसला तरी आवाज नाही. आणि या वयात हातात राळेचा डबा घेऊन बसलोय, लोकांच्या चांगल्या मुक्या सोफ्यांना रडायला शिकवतोय! किळस येते स्वतःची. जेवण जात नाही.

आणि परवा, तुम्हाला सांगतो, परवा एक बाई सोफा टेम्पोत घालून परत घेऊन आल्या. चांगल्या रागावलेल्या. म्हणाल्या, "काय हो, तुमच्या कामाला काही भरवसा? आठ दिवस झाले, हा नुसता गप्प बसून आहे! काल घरी पाहुणे आले, आम्ही सगळे पुढे वाकलो, मागे रेललो... एक हुंदका नाही!"

काय करता? घेतला उलटा, सोडलं कापड, आत घातला हात. एक कंगवा निघाला, केसांसकट. आणि एक गोळी, चोखलेली.

पुसली, बाजूला ठेवली... आणि दोन गाठी सैल केल्या.